तळ्याच्या अंगाला एक कप

"बिल्ला काढ तुझा," मी मारुतीला म्हटलं, "आणि जा जत्रेला."

मारुती कॅडींच्या शेडमधल्या कट्ट्यावर बसून बुटाच्या नाड्या आवळत होता. माझा चुलतभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि चांदेपठार गोल्फ क्लबातला सगळ्यात भरवशाचा कॅडी. त्या दिवशी आमच्या गावी भैरोबाची जत्रा होती, आणि सासनकाठी उचलायचा मान त्या साली त्याच्या घराकडे आला होता. नऊ वर्षांनी आलेली पाळी. पण सरपोतदारसाहेबांनी नाव घेऊन त्याला मागितलं होतं, म्हणून हा शहाणा देवाची काठी सोडून साहेबाची बॅग उचलायला निघाला होता.

"डोकं फिरलंय का तुझं? चॅम्पियनशिपचा शेवटचा दिस हाय आज," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणते. काठी कोण उचलणार तुझी? तुझे तात्या? त्यांना स्वतःचं धोतर आवरत नाही."

"आन् सायबाला काय सांगू?"

"तुझा पाय मुरगळलाय म्हणून शिर्केमास्तरांना मी सांगते. पुढचं मी बघते."

त्याने नाडी तशीच सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "हौसे, त्या मानसाची बॅग तुला कशापायी पायजे, ते मला ठावं हाय."

"ठाऊक आहे ना? मग बिल्ला दे."

त्याने दिला. वर म्हणाला, "काय करायचं ते कर, पर आबास्नी कळंल आसं करू नगस." आणि मागच्या तारेतून पसार झाला. मुरगळलेल्या पायाने इतकं जोरात पळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. यशोधन सरपोतदार हरायला हवा होता. नुसता हरून भागणार नव्हतं. शेवटच्या ग्रीनवर, सगळ्यांच्या देखत, हातातोंडाशी आलेली ट्रॉफी जाऊन हरायला हवा होता, आणि ते माझ्यामुळे व्हायला हवं होतं. तेरा वर्षं मी ह्या एका गोष्टीची वाट पाहिली होती. माझं वय तेव्हा सव्वीस. म्हणजे निम्मं आयुष्य म्हणा.

मी त्या मैदानावर लव्हाळा काढायला होते. गोल्फ टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटतं, ग्रीन, म्हणजे होलाभोवतीची हिरवळ, आपोआप गालिच्यासारखी राहते. आमच्या क्लबात त्यासाठी सात बाया सकाळपासून उकिडव्या बसून खुरप्याच्या टोकाने एकेक काडी उपसायच्या. अकरा वर्षं मी ते केलं. अठराच्या अठरा ग्रीनवर इंच इंच बसले. पाणी सोडलं की कुणीकडे वाहतं, गवत कुठे झोपतं, हे माझ्या पायाच्या तळव्याला कळायचं. गेली दोन वर्षं मेमसाहेब लोकांच्या बॅगाही उचलत होते, त्यामुळे कॅडीचं कामही येत होतं. आणि लग्नानंतर मी आखाडे झाले होते, त्यामुळे क्लबच्या वहीत माझ्या बापाचं नाव कुठेच नव्हतं.

शिर्केमास्तर कॅडींचे मुकादम. मारुतीच्या बदली मी जाते म्हटल्यावर ते आधी नाहीच म्हणाले.

"अगं, चॅम्पियनशिपचा शेवटचा राउंड आहे! बाईच्या खांद्यावर बॅग दिली तर साहेब मला खातील."

"मग कुणाला देता? सगळे जत्रेला गेलेत. उरलेत ते म्हाताऱ्या साहेबांच्या हातात काठी द्यायच्या कामाचे."

ते इकडेतिकडे बघत असतानाच सरपोतदार आले. पुण्यातलं बडं प्रस्थ, वकील. पन्नाशीला टेकलेले, पण अंगाने सडसडीत. पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि समोरच्याला आपलंसं करणारं हसू. ते हसू मला पाठ होतं.

"लाइन सांगता येते?" त्यांनी मलाच विचारलं.

"ग्रीनवर बसून अकरा वर्षं काढलीत साहेब. उभ्याने बघणाऱ्यांना दिसत नाही ते दिसतं."

ते मनापासून हसले. "चल मग, हौसाबाई. बघू तुझी बसलेली नजर."

असा माझ्या खांद्यावर त्यांच्या बॅगेचा पट्टा आला.

त्या मैदानाचं एक सांगायलाच हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. चैत्रात आमचं पठार करपून जातं. गवत पिवळं, माती तांबडी, वाऱ्याला धुळीचा वास. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तारेच्या कुंपणाआड हे हिरवंगार पसरलेलं. तळ्याच्या कडेने वळत गेलेले हिरवळीचे लांब पट्टे, म्हणजे फेअरवे, त्यांच्या दोन्ही अंगांना निळ्या फुलांनी भरलेली अंजनाची झाडं, आणि अकराव्या होलला तर चेंडू थेट दरीवरून पलीकडच्या कड्यावर मारायचा. दिल्ली-कलकत्त्याचे खेळाडू इथे खेळायला मिळावं म्हणून दोन दोन वर्षं थांबायचे. पाहुणे गेटातून आत आले की बोलता बोलता थांबायचे. मीही थांबायचे, रोज. ज्या जागेने माझ्या बापाला हाकललं, ती इतकी देखणी असावी ह्याचा मला संताप यायचा, आणि तरी सकाळी दंव असताना पहिल्या ग्रीनवर अनवाणी पाऊल टाकताना अंगावर काटा यायचा. लाज वाटावी अशी ओढ होती ती.

आबांची, माझ्या बापाची, तर काय सांगावी. कोंडिबा ढेबे म्हणजे त्या मैदानावरचं शेवटचं उत्तर होतं. लाइन म्हणजे चेंडू होलात जाण्यासाठी तो कुठे रोखून मारायचा ते. ग्रीन वरून सपाट दिसते, पण तिला उतार असतात, गवताचा कल असतो. होलाला कॅडी कप म्हणतात, आणि किती कप डावीकडे, किती कप उजवीकडे अशा भाषेत लाइन सांगतात. आबांनी सांगितलेली लाइन चुकली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी लहान असताना ते सारवलेल्या अंगणात तांब्याने पाणी ओतायचे आणि विचारायचे, "सांग हौसे, कुठं जाईल?" ते पाणी बघत बघत मी शिकले.

आता तेरा वर्षं ते समोरच्या उतारावर शेरडं घेऊन बसायचे. तिथून तळं आणि सहा-सात ग्रीन दिसायच्या. बसायचे तिकडेच तोंड करून, पण मैदानाबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. मी तिथे कामाला लागले तेव्हाही नाही.

माझा बेत साधा होता. सतरा होल खरी लाइन सांगायची. माणसाचा पुरता भरवसा बसवायचा. आणि अठराव्याला एकदाच खोटी.

पहिल्या ग्रीनवर त्यांनी मला पारखलं. स्वतः खाली बसून बघितलं, मग म्हणाले, "मला वाटतं, सरळ आहे."

"दिसतं सरळ. अर्धा कप डावीकडे मारा."

त्यांनी मारला आणि चेंडू टपकन पडला. भुवया उंचावून ते माझ्याकडे बघत राहिले. तिसऱ्या होलला त्यांनी स्वतः वाकून बघणं सोडलं. सहाव्याला म्हणाले, "अगं, इतकी वर्षं तुला ह्यांनी गवत उपटायला बसवलं? गाढव आहेत सगळे."

आणि माझी गंमत बघा. मला बरं वाटलं! त्या माणसाच्या तोंडून कौतुक ऐकून बरं वाटलं. बारा फुटांवरून चेंडू निघायचा, मी सांगितलेल्या वाटेने वळायचा, आणि होलात पडताना जो आवाज यायचा त्याने मला नशा चढल्यासारखं व्हायचं. अकराव्याला त्यांनी दरीवरून असा फटका मारला की चेंडू आभाळात दिसेनासा झाला आणि कड्यावरच्या हिरवळीवर झेंड्याजवळ उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही बॅग खाली टाकून वाजवल्या. वाजवता वाजवता मला समोरचा उतार दिसला आणि हात तिथेच थांबले.

त्यांच्यासोबत नामजोशी नावाचा नाशिकचा तरुण खेळत होता. हसरा, साधा. दोघांचे फटके बरोबरीत चालले होते. बाकीचे मागे पडले होते, त्यामुळे आता ह्या दोघांत काय ते होणार होतं. स्पर्धेचे प्रमुख कर्नल घोरपडे पंच म्हणून आमच्याबरोबर चालत होते. पांढऱ्या मिशा, काखेत छत्री, कामापुरतं बोलणं. हेच तेरा वर्षांपूर्वीही प्रमुख होते.

चौदाव्या होलला डावीकडे एक जुना हिरडा आहे. तिथे पोचल्यावर साहेब थांबले, पाणी प्यायले, आणि बाटली माझ्याकडे देत हिरड्याकडे बोट करून म्हणाले, "हे झाड माझ्या जिवावर उठलं होतं एकदा."

मी बाटली घेतली, झाकण हातातच होतं. "काय झालं होतं, साहेब?"

"तेरा-चौदा वर्षं झाली. फायनलच होती. चेंडू ह्या मुळांच्या मागे अडकला. माझ्या कॅडीने गुपचूप पायाने पुढे सरकवला. सोबतच्या खेळाडूने पाहिलं होतं, चेंडू आधी कुठे होता ते. झाला बोभाटा. मला दोन फटक्यांचा दंड. तरी जिंकलो म्हण."

"आणि कॅडी?"

"काढला त्याला. काढायलाच हवा. चांगला होता लाइनला, पण चोर." बाटलीला झाकण लाव म्हणून ते खुणावत होते, मी ते मुठीत आवळून धरलं होतं. "तुला सांगतो, ह्या लोकांच्या रक्तातच असतं. संधी मिळाली की खोटेपणा करणारच. तुझं वेगळं आहे, तू बाई आहेस."

आबांनी ती गोष्ट घरात एकदाच सांगितली होती, आईला, आणि मी आतून ऐकली होती. चेंडू साहेबाने स्वतःच्या बुटाने सरकवला. आबा दोन पावलांवर उभे होते. बोभाटा झाल्यावर साहेब कर्नलना म्हणाले, माझ्या कॅडीने केलं असावं, मला कल्पना नाही. आबा गप्प राहिले, कारण साहेबाच्या चेंडूबद्दल साहेबच बोलणार हा कॅडींचा नियम होता, आणि तो नव्या कॅडींना शिकवणारे आबाच होते. त्यांना वाटलं, संध्याकाळी साहेब खरं काय ते सांगून मिटवतील. संध्याकाळी साहेब ट्रॉफी घेऊन पुण्याला गेले. कर्नलनी आबांचा बिल्ला उतरवून घेतला. आबांना एक प्रश्न कुणी विचारला नाही.

चोर हा शब्द मी आधीही ऐकला होता. शाळेत ऐकला, लग्न ठरताना ऐकला. पण ज्याने तो आमच्या कपाळावर मारला, त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो पाणी पीत पीत, सहज. हातातल्या लोखंडी काठीने त्या पांढऱ्या टोपीवर घालावी, असं खरोखर मनात आलं.

पण चालता चालता डोकं थंड झालं, आणि एक गोष्ट लख्ख कळली. मी अठराव्याला खोटी लाइन दिली तर हा माणूस बरोबर ठरतो. 'कोंडिबा चोर, त्याची पोर खोटारडी.' तेरा वर्षं थांबून मी त्यालाच पुरावा देणार होते. पंधराव्या, सोळाव्या, सतराव्या होलवर मी काय लाइन सांगितली ते मला आज आठवत नाही. बरोबर सांगितली असणार, कारण अठराव्याला आलो तेव्हाही दोघं बरोबरीत होते.

अठरावी ग्रीन तळ्याला लागून आहे आणि तिच्यामागे करवंदीच्या जाळ्या. क्लबच्या गॅलरीत, पायऱ्यांवर, कठड्यावर माणसंच माणसं होती. उन्हं कलली होती, तळं चकाकत होतं, आणि ती जागा अशी सुंदर दिसत होती की नामजोशी खेळायचं सोडून क्षणभर बघत राहिला. झेंडा कर्नलनी मागच्या उंचवट्यावर लावून घेतला होता. तिथे तो वर्षानुवर्षं कुणी लावत नसे, जागा अवघड म्हणून. सभासदांना एवढंच माहीत होतं की चांदेपठारावर सगळं पाणी तळ्याकडे जातं, चेंडूही तळ्याकडेच वळतो. पण तो उंचवटा उलटा आहे. तिथलं पाणी मागे करवंदीकडे उतरतं. हे माहीत असणारी माणसं दोन, त्यातलं एक समोरच्या उतारावर शेरडं राखत होतं.

नामजोशीने दोन पटमध्ये, म्हणजे ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत, चेंडू होलात टाकला आणि बाजूला झाला. सरपोतदारांचा चेंडू होलापासून दहा फुटांवर होता. एका फटक्यात गेला तर ट्रॉफी. दोन लागले तर बरोबरी.

साहेब चेंडूमागे खाली बसले. "बोल, हौसाबाई."

मी त्यांच्या शेजारी बसले. "लाइन सांगते साहेब. आधी एक दुसरं सांगते."

"आत्ता? लवकर बोल."

"मी कोंडिबा ढेब्यांची मुलगी."

त्यांना लगेच उमगलं नाही. "कोण कोंडिबा?"

"हिरड्याखालचा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सतरा होल ज्या चेहऱ्याकडे बघून ते हसत होते, तोच चेहरा ते पहिल्यांदा बघत होते. त्यांचा रंग उतरत गेला. मला आयुष्यात इतकं गोड काही लागलं नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

मग मी उभी राहिले आणि कर्नलना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तळ्याच्या अंगाला एक कप, साहेब."

"पाणी तळ्याकडे जातं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे करवंदीच्या अंगाला रोखायला हवा."

"इथलं नाही जात. हा उंचवटा करवंदीकडे उतरतो. तळ्याच्या अंगाला एक कप."

ते उठले, चेंडूवर उभे राहिले, पुन्हा मागे झाले. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली घातले नाहीत. सतरा होल मी खरं बोलले होते हे त्यांना माहीत होतं, आणि आपण काय केलंय हेही त्यांना माहीत होतं. त्या दोन्हींची त्यांच्या मनात चाललेली ओढाताण मला त्यांच्या हातातल्या पटरच्या टोकाला दिसत होती. ते एकदा तळ्याकडे वळत होतं, एकदा करवंदीकडे.

त्यांनी करवंदीच्या अंगाला मारला.

चेंडू निघाला तो तळ्याकडे वळलाच नाही. करवंदीकडे आणखी आणखी वाकत गेला, होलापासून हातभर लांबून निसटला, उंचवट्याची कड ओलांडून खाली घसरत पार जाळ्यांशी जाऊन थांबला. लोकांतून 'अरे अरे' असा सूर निघाला. खालून वर मारलेला दुसरा पट अपुरा पडला. तिसऱ्याला चेंडू एकदाचा गेला, पण तोवर ट्रॉफी नाशिकला गेली होती. नामजोशीला तर आधी समजेचना. मग लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

सरपोतदारांनी पटर जमिनीवर आपटला. "कर्नल! ह्या बाईने मला मुद्दाम चुकीची लाइन दिली!"

कर्नल छत्री टेकत आले. "मी इथेच उभा होतो, सरपोतदार. तिने दोनदा सांगितलं, तळ्याच्या अंगाला. तुम्ही उलटा मारलात."

"कारण ती खोटं सांगतेय हे मला माहीत होतं!"

"पण ते खोटं नव्हतं. चेंडू करवंदीकडेच गेला, आपण सगळ्यांनी पाहिलं." कर्नलच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "सतरा होल तुम्ही तिचं ऐकलंत. ती तुम्हाला खोटं कशाला सांगेल?"

"ती त्या कोंडिबाची मुलगी आहे! आत्ता, पट मारायच्या आधी सांगितलं तिने मला!"

"असेना." कर्नलनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडे वळले. "कोंडिबाने चेंडू सरकवला, त्याची त्याला शिक्षा झाली. शिक्षा दिली मी. राग धरायचा तर तिने माझ्यावर धरावा. तुमच्यावर धरायचं तिला काय कारण?"

सरपोतदारांनी वाकून आपटलेला पटर उचलला.

पायऱ्यांवरची माणसं पुढे सरकली होती. मी वाट बघत होते. घाई नव्हतीच मला. कोर्टात उभ्या उभ्या दहा उत्तरं देणारा माणूस तो, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, एकच होतं.

"सांगा ना साहेब," मी म्हटलं. "काय कारण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्कोअरकार्डावर सही केली, पेन तिथेच टाकलं आणि बक्षीस समारंभाला न थांबता गाडीकडे चालू लागले. बॅग माझ्याच खांद्यावर राहिली. ती मी शिर्केमास्तरांच्या पायाशी नेऊन ठेवली.

कर्नलनी फाटकातून बाहेर पडणाऱ्या त्यांच्या गाडीकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून मला म्हणाले, "कोंडिबा आहे ना अजून?"

"आहेत."

"मी त्याला त्या दिवशी एक शब्द विचारला नाही." त्यांनी टोपी काखेत धरली. "उद्या सकाळी घेऊन येशील त्याला? सगळ्यांसमोर बोलायचंय मला त्याच्याशी."

आबांच्या घरापर्यंतचा चढ मी कसा चढले ते मला कळलं नाही. गावातून जत्रेचा ढोल ऐकू येत होता, आणि तो जणू माझ्यासाठीच वाजत होता. खोटं न बोलता, बोट न लावता मी त्याला आडवा केला होता. नुसतं खरं सांगून. ह्या खरं सांगण्याचा मला इतका ताठा चढला होता की विचारू नका.

आबा अंगणात दोरी वळत बसले होते. दिवस अजून होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बिल्ला, हिरडा, चोर शब्द, अठरावा होल, कर्नलचा प्रश्न, त्यांनी काढलेली टोपी. सांगताना मला रडू आलं. आबा दोरी वळत राहिले. मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "झेंडा कुठं व्हता म्हनलीस?"

तेरा वर्षांत मैदानाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी डोळे पुसले. "मागल्या उंचवट्यावर."

"आन् चेंडू?"

"पुढच्या अंगाला. दहा फूट."

"टाइम?"

"चार वाजून गेले असतील."

"काय सांगितलंस त्याला?"

"तळ्याच्या अंगाला एक कप."

आबांचे हात थांबले. त्यांनी दोरी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी मी शेरडू हरवून घरी आले होते तेव्हाही तसं बघितलं नव्हतं.

"दोन," ते म्हणाले.

"काय दोन?"

"दोन कप. तिथलं गवात उन्हाबरूबर फिरतं. सकाळी एक कप. उन्हं कलली की गवात करवंदीकडं मान टाकतं, मग दोन लागत्यात."

"म्हणजे... त्याने माझं ऐकलं असतं तरी?"

"हुकलाच आसता. काठाला घासून."

सकाळी पाणी सोडतात, सकाळीच आम्ही लव्हाळा काढतो. दुपारी चारला मी त्या उंचवट्यावर कधी बसलेच नव्हते. जे खरं म्हणून मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, ते खरं नव्हतंच. सरपोतदार माझ्यावर भरवसा ठेवून हरला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं? केवळ तो पापी होता म्हणून मी वाचले होते.

"आबा, पण कर्नलना कळलं ना. तुम्ही चोर नाही, हे कळलं."

"त्ये मला ठावंच व्हतं," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "तेरा वर्सं चोर म्हनून घेतलं म्या. पर ढेब्यानं चुकीची लाइन दिली, आसं आजवर कुनी म्हनलं न्हाई. आन् तू देऊन आलीस!"

"चुकले, आबा."

"चुकलीस तर शीक." त्यांनी समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं. "मी दावतो तुला. उद्या जाऊ."

"कर्नलनी सकाळी बोलावलंय. सगळ्यांसमोर बोलणार आहेत."

"सकाळी येऊन काय करू? सकाळी एकच कप दिसंल." आबांनी दोरी पुन्हा हातात घेतली. "कर्नलला म्हनावं, चारला या."

मी सकाळी जाऊन तसाच निरोप दिला. कर्नल पावणेचारलाच त्या उंचवट्यावर येऊन उभे होते.